नाव

अपडेट रात्री सुरू करून मी घरी गेले,
ही पहिली चूक.
दुसरी चूक, दुसऱ्या दिवशी एक ऑगस्ट होता.

सकाळी सोसायटीचं कुलूप काढलं तर
काळ्या पडद्यावर, डावीकडे वर,
एक पांढरी रेघ उघडझाप करतेय,
आणि पुढे काही नाही.
ना डिझेलची वही, ना बोटींची यादी,
ना तो फोल्डर ज्याला मी 'शेवटचं नवीन नक्की' म्हणते.

बाहेर पायरीवर दामोदर कोयंडे.
एकसष्ट दिवसांची बंदी अंगावरून झटकत:
"काय गो, डिझेल गावतला मा?"
बर्फ भरून झालेला. भरती साडेदहाची.
हातानं लिहिलेली चिठ्ठी पंपवाला घेत नाही,
गेल्या वर्षीपासून.

ही सिस्टिम जामसंड्याच्या फहीम मुजावरनं बसवलेली,
कोल्हापूरला नोकरीला जायच्या आधी.
"मावशी, हिला नवी आवृत्ती अशी नसते,
ही रोज थोडी थोडी बदलते. वाहती आहे."
मला ते आवडलं होतं. वाहत्याची मला सवय.
वाहतं पाणी काठाला बांधलेलंही नेतं
हे त्यानं सांगितलं नाही,
आणि देवगडात जन्मून मी विचारलं नाही.

रेंज जेटीच्या टोकाला.
तिथे उभं राहून फहीमची एक ओळ ऐकायची,
तळहातावर लिहायची, पळत यायचं, टाइप करायची,
यंत्र काय म्हणालं ते पाठ करत पळत जायचं.
जुना कर्नल निवडून झाला.
तोही त्याच रेघेपाशी येऊन बसला.
चौथ्या फेरीत चप्पल तुटली.
जाळी विणणारे हसत होते, हसोत.
"मावशी, सोडा तिला," फहीम म्हणाला,
"डेबियन घाला. ते दोनेक वर्षांतून एकदा कूस बदलतं."

पेनड्राइव्ह त्यानंच जाताना दिलेला,
खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून
मी तांदळाच्या डब्यात ठेवलेला.
झटकून लावला.
न बसवता वापरून बघा, असंही होतं त्यात,
बोट घेण्याआधी खाडीत एक फेरी मारतात तसं.
त्या फेरीतच जुनी डिस्क उघडली
आणि वही दिसली, आहे तशी,
कुणकेश्वर कृपाच्या ओळीसकट,
जी परवाच्या वर्षी खडकावर फुटली
आणि जिचे चाळीस लिटर अजून बाकी दिसतात.
ती ओळही उचलली.
कुणाचे चाळीस लिटर, ते नंतर बघू.

मग प्रश्न: डिस्क पूर्ण पुसायची?
उत्तर द्यायला मला वेळ लागला.
बाहेर कोयंडे खोकला, मुद्दाम.

मग पुढचा: तुमचं नाव?
पाच वर्षं हे यंत्र उघडताना म्हणायचं, स्वागत, फहीम.
आणि मी मान हलवून कामाला लागायचे.
सुलक्षा सारंग, मी टाइप केलं,
एकेक अक्षर बघून,
बँकेत सही करताना करते तसं.

संगणकाचं नाव?
इथे बोटीला नाव देताना नारळ फुटतो, पेढे वाटतात.
माझ्यापाशी अर्धा कप गार चहा.
तारली, लिहिलं.
मासा लहान, पण एकटा कधी येत नाही.

प्रिंटरनं ओळख दाखवली नाही.
मग दाखवली. का, ते मला विचारू नका.
दहा वाजून पन्नास मिनिटांनी चिठ्ठी करकरत बाहेर आली.
कोयंडेनं ती हात लांब करून धरली,
आधी जवळ, मग आणखी लांब.
"अक्षर बदलला गो तुजा."
होय, म्हटलं.
पाणी परतायला लागलं होतं, तरी गेला तो,
बर्फाला शिव्या घालत.

दुपारी जेवताना तळहात धुतला,
दोन आज्ञा तरी राहिल्याच रेषांमध्ये, निळ्या.

संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट आली:
काही अपडेट उपलब्ध आहेत.
मी खिडकीतून बंदराकडे बघितलं.
सात बोटी यायच्या होत्या अजून.
म्हटलं, थांब जरा.
सगळी येऊ देत.