काखेत

पहाटे पावणेपाचला, सेरोच्या टेकडीखाली,
कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी नेल्बा इतुआर्ते.
हातात दोन स्टीलच्या बरण्या, तळाशी सायट्रेट,
नाहीतर बैलाचं रक्त बसमध्येच साकळायचं.
एकदा साकळलं होतं.
कंडक्टर झाकण उघडून बघतो म्हणाला, बघितलं,
आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेला.

याच कत्तलखान्यात तिच्या बापाने, बासिलिओने,
बावीस वर्षं हाडावरून मांस उतरवलं,
एका शनिवारी स्वतःच्या अंगठ्याखालूनही.
तेव्हा ती आठ वर्षांची.
जखम आधी वाहिली, मग दाटली, मग काळी खपली,
आणि खपलीखाली गुलाबी, चिवट,
हवी त्याहून जरा जास्तच कातडी.
रक्त कशाने थांबलं ते शाळेच्या पुस्तकात होतं.
कातडीला वाढ म्हणून कुणी सांगितलं
ते नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर, खाडीकडच्या खोलीत,
कोंबडीच्या दहा दिवसांच्या अंड्यांतल्या पेशी
काचेच्या बशीत पसरलेल्या.
त्यांना दोन दिवस कडकडीत उपास.
जागच्या जागी चिडीचूप सगळ्या.
मग थेंबभर थ्रॉम्बिन, त्याच बैलाचं.

थ्रॉम्बिन काही अन्न नव्हे.
कात्री आहे ती, रक्तात काम ठरलेलं:
फायब्रिनोजेनचे चार बारके तुकडे छाटायचे,
उरलेले धागे आपसूक एकमेकांत गुंततात,
जाळं होतं, जाळ्यात रक्त.
एवढंच.

दुसऱ्या दिवशी बशीत दाटी.
कात्रीने पारणं फिटलं होतं.

प्रोफेसर सारासुआ चष्मा न काढता म्हणाले,
अशुद्ध असेल. पुन्हा कर.
अकरा वेळा केलं.
मग वहीत लिहिलं, "कारण माहीत नाही",
आणि तारीख.

उत्तर यायला बरीच वर्षं गेली,
आलं तेही परक्या हातून, टपालाने आलेल्या मासिकात,
पाकीट खाऱ्या वाऱ्याने ओलसर.
पेशीच्या पापुद्र्यात सात टाके घालून
शिवलेलं एक प्रथिन,
त्याचं शेपूट बाहेर लोंबतं.
कात्री शेपटाचं टोक उडवते,
आणि उरलेलं नवं टोक मागे वळून
स्वतःच्याच अंगात रुततं.
आत घंटा वाजते: कॅल्शियम, हालचाल, वाढ.

काखेत कळसा.
आणि आपण गावाला वळसे घालत बसलो,
बशीत कोण काय ओततं ते शोधत.
निरोप तिथेच होता, घडी घातलेला.
बाहेरून आला तो नुसता घाव.

बोलायचं मात्र एकदाच.
कापलेलं टोक पुन्हा जोडता येत नाही;
पेशी त्या प्रथिनाला आत ओढते
आणि पचवून टाकते.

एकाहत्तराव्या वर्षी बासिलिओची डावी पोटरी सुजली.
पडला नव्हता, कुठे लांब गेला नव्हता.
शिरेत गुठळी.
डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबली,
आणि नंतर, काही न बोलता, पोट.
स्वादुपिंडात लिंबाएवढी गाठ.

नेल्बाने चित्र उजेडापुढे धरलं.
गाठ रक्ताला साकळ म्हणते.
साकळताना जी कात्री जागी होते
ती गाठीला म्हणते, वाढ.
अंगठा असो, अंड्यातली पेशी असो,
ती विचारत नाही, कुणाला सांगतेय.

आता सकाळ-संध्याकाळ ती त्याच्या पोटाला
हेपरिनची सुई देते. निळे डाग पडतात.
"हे कशाचं करतात?"
"बैलाच्या आतड्यांचं."
तो इतका हसला की सुई बाजूला ठेवावी लागली.
"म्हणजे पाळी संपलीच नाही माझी."

मग त्याने मातेचा तुंबा उचलला,
त्याच अंगठ्याने दाबून धरला.
व्रण अजून उंच आहे,
बोट फिरवलं तर लागतो.
नेल्बाने फिरवलं नाही.
गरम पाणी ओतलं,
आणि दुसरी बाजू पुसायला कापूस घेतला.