वास येतोय का?

दुपारी दीडच्या सुमारास तो डोक्यावरून जातो.
दिसत नाही. आवाज नाही.
चहाच्या वेळेपर्यंत चित्र माझ्या पडद्यावर उतरतं:
उजनी म्हणजे सांडलेल्या शाईचा ओघळ,
अलीकडे हिप्परग्याचा तलाव, टिकलीएवढा,
आणि आमचं शहर,
कुणी अंगठ्याने पुसायला घेऊन
मध्येच सोडून दिलेला राखाडी डाग.

मार्च सरतोय. अरबस्तानातून निघालेली धूळ
समुद्रावर होती तेव्हापासून मी तिच्या मागे आहे.
रंगांची अदलाबदल केली की ती गुलाबी दिसते,
कुंकू लावलेल्या अक्षता उधळाव्यात तशी.
खरं सांगते, सुंदर दिसते.
अहवालात तसा रकाना नाही.

धुराचं वेगळं.
ढगाला काठ असतो, धुराला नसतो.
एका टोकाला तो सुईसारखा,
पुढे फिसकटत जातो,
बादलीत सोडलेल्या निळीसारखा.

आज तीन लाल चौकोन.
एक अक्कलकोट रस्त्याला, उसाचं पाचट असणार.
एक मोहोळच्या अलीकडे, तेही पाचटच.
तिसरा नान्नजच्या माळाशेजारी.
तिथे मला बसवत नाही.
रेवणसिद्धला फोन लावला.

"मॅडम, समोर गवत आहे. वाळलेलं, पण उभं.
टिटवी ओरडतेय. आग नाही."
"नीट बघा."
"थांबा, पलीकडे जातो."
मग बराच वेळ नुसता वारा,
मोटरसायकल, वारा.
"पत्रा आहे मॅडम. नवीन गोदामाचा.
पत्रा तापलाय, दुसरं काही नाही.
हात लावून बघू का?"

नको म्हटलं.
एक चौकोन पावणेचारशे मीटरचा.
त्यात गोदाम मावतं, टिटवी मावते,
हात पुढे केलेला रेवणसिद्ध मावतो.
मी चौकोन खोडला.

वरून सगळं दिसतं, उंची तेवढी दिसत नाही.
ही धूळ तीन किलोमीटरवरून नुसती चालली आहे
की दत्त चौकातल्या उसाच्या रसात पडते आहे,
चित्राला ठाऊक नसतं.
म्हणून मी आईला फोन करते.
ह्यालाही रकाना नाही.

आई विडी घरकुलात, दारात,
मांडीवर सूप, सुपात पानं.
"अम्मा, वास येतोय का?"
सूप बाजूला सरकल्याचं ऐकू येतं,
मग चपला, उंबऱ्यापर्यंत.
"पोगा नाही," ती म्हणते. "दुम्मु. दातांत लागतोय."
कधी म्हणते, "पोगा. डेपोकडे कुणीतरी टायर पेटवलंय."
कधी, "मला काय विचारतेस,
शेजारची नागव्वा सकाळपासून होगे होगे करत खोकतेय,
तिला दे फोन."

तीन भाषांत एकच धूर.
माझ्याकडे त्याचा फक्त आकडा येतो,
शून्य दशांश सात, शून्य दशांश नऊ.
आईचं आणि आकड्याचं आजवर
दोनदाच बिनसलं,
दोन्ही वेळा मी आकडा पुन्हा तपासला.

सगळे वास तिला वेगळे काढता येतात:
पाचटाचा, प्लॅस्टिकचा, गिरणीच्या जुन्या कापसाचा,
लांब कुठेतरी पेटलेल्या बांधाचा.
मागे एकदा सहज विचारलं,
"आणि तंबाखूचा?"
"कुठे आहे तंबाखू?" ती म्हणाली.
सूप मांडीवरच होतं.

आज तिने वेळ घेतला.
पडद्यावर गुलाबी पदर बार्शीवरून खाली सरकत होता,
तासाला किती, ते मी मोजत होते.
"येतोय," ती म्हणाली.
"कसला?"
"कळत नाही. लांबचा आहे.
इथल्या मातीचा नाही."

मी पडताळणीच्या रकान्यात लिहिलं:
स्थानिक निरीक्षक, कुंभारी. अनुभव बेचाळीस वर्षे.
साहेब विचारतील कोण.
तेव्हाचं तेव्हा.

"वाळत घातलेलं आत घे," मी सांगितलं.
"घेतलं केव्हाच," ती म्हणाली,
"आणि येताना दोरा आण. लाल नको,
मागच्या वेळचा लाल
भिजला की बोटांना रंग सोडतो."