चौदा टक्के

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात
हंसराजाची पानं कडेनं करपली,
कुणी उदबत्ती टेकवत टेकवत गेल्यासारखी.

सरितानं तो चिखलदऱ्याहून आणला होता,
ओल्या हातरुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यातून.
म्हणाली, सावली दे, बस.
सावली मी दिली.
मानेवाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, तापल्या स्लॅबखाली
सावलीलासुद्धा चटका असतो
हे तिला कुठून ठाऊक.

इतवारीतून एकशे ऐंशी रुपयांचं यंत्र आणलं,
भिंतीवर टांगलं. त्यात दोन आकडे:
वर एकोणचाळीस, खाली चौदा.
वरच्याबद्दल सगळं शहर बोलतं,
टपरीवर, बँकेच्या रांगेत, मयतीलासुद्धा.
खालच्याबद्दल कुणीच नाही.
हवेत पाणी किती उरलं
हे ओठ फुटल्याशिवाय कळत नाही माणसाला.

मग मी फवारा मारला. दर तासाला.
पाणी पानावर बसायच्या आत हवा पिऊन टाकायची,
मागे उरायचे बोअरच्या खाराचे पांढरे ठिपके.
कूलरच्या तोंडाशी ठेवला,
तर झोतानंच अर्धा झाला.

बाबा खाटेवरून ऐकत होते सगळं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं मात्र तांडापेठेतलीच,
चाळीस वर्षं मागावर बसलेली.
उशीखालून सुताचा तुकडा काढला,
दोन चिमटींत ताणला. टच्.
"पंधराच्या आत आहे वं, वैजे."
मी यंत्राकडे पाहिलं. काही बोलले नाही.

"आमचा माग खड्ड्यात काऊन होता, सांग?"
पाय सोडायला, मी म्हटलं.
"पाय तं कुठंही सुटतेत.
भुईची ओल सुताले भेटावं म्हणून.
वैशाखात सूत काचेवानी होते,
आन् तू सुतावरच पानी मारून रायली.
भुईवर मार. त्याले वरतं कायले टांगलं?
गरमी वरतंच रायते."

हंसराज खाली आला.
पितळी परातीत कन्हानची वाळू,
वाळूत पाणी, पाण्याच्या वर दोन विटा,
विटांवर कुंडी, बुड कोरडं राहील अशी.
शेजारी मनीप्लँट, शेजारी तुळशीचं रोप,
सगळी दाटीवाटीनं,
एकमेकांच्या श्वासावर जगतील म्हणून.

गुरुवारी दुपारी दोनला वीज गेली.
कूलर आचके देत थांबला
आणि खिडकीतून भट्टीचं दार उघडलं.
"काही ओलं टांग," बाबा म्हणाले.
चादर वाळत होती गच्चीवर, गच्चीवर पाय ठेववेना.
"पेटीतलं लुगडं घे."
आईचं?
"मीच विणलं होतं. रंग पक्का आहे त्याचा."
एवढं एकच वाक्य ते जरा मोठ्यानं बोलले.

बादलीत बुडवलं. खरंच, पाणी नितळ राहिलं.
नऊ वार जांभळा अंधार खिडकीभर,
काठातून थेंब थेंब फरशीवर,
आणि त्यातून येणारी हवा
काही वेळ तरी माणसात आल्यासारखी.
एकोणीस. चोवीस.
औषधाच्या दुकानात जायची वेळ झाली होती,
मी तशीच बसले.
साडेतीनला आकडा एकतीसवर अडला.

बाबांनी पुन्हा सूत ताणलं.
या वेळी ते जरा लांबलं, मग तुटलं.
"तीस असंन."
एकतीस, मी म्हटलं.
"हातमागाले साठ लागते. या राजेसाहेबाले किती?"
तितकंच. साठ.
ते हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"म्हंजे हा बी कोष्ट्याच्याच घरचा."

नवं पान अजून नाही आलेलं.
करपलेली मी कात्रीनं काढून टाकली,
तीन उरलीत, तीही मनानं राहिलीत असं नाही.
विजेचा पत्ता नाही.
लुगडं सुकत आलंय वरच्या काठाकडून
आणि खाटेवरून आवाज येतो:
"वैजे, भुई कोरडी झाली वं. मार पानी."