मधला आकडा

एप्रिलचा दुसरा मंगळवार. समुद्रावरचा बर्फ अजून हललेला नव्हता.
आमची नौका अंगणात ओंडक्यांवर उभी,
तिचं इंजिन सुटं होऊन गॅरेजच्या फरशीवर,
आल्सीदने प्रत्येक बोल्टखाली जुना पेपर घातलेला.
ग्रिबू पोस्टाच्या गाडीमागे धावला, रोज धावतो तसा.
पोस्टवाली नवीन होती.
वळणावर जरा थांबायचं असतं,
म्हणजे कुत्र्याला जिंकल्यासारखं वाटतं,
हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दवाखाना अडीच तासांवर.
डॉक्टर गिलिस माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची.
तिने कागद आमच्याकडे फिरवला, तीन आकडे, एकाखाली एक.
आठ हजार चारशे: पट्टी, स्क्रू, पाय शाबूत, बहुतेक.
दोन हजार नऊशे: मागचा डावा पाय मांडीपासून काढायचा.
तिसरा होता दोनशे चाळीस.
तो तिने वाचला नाही, नुसतं बोट ठेवलं
आणि लगेच उचललं, तव्याला लागल्यासारखं.
चारपर्यंत सांगा म्हणाली.

आम्ही पिकअपमध्ये येऊन बसलो. हीटर चालू. काचेवर वाफ.
आल्सीदने पेट्रोलच्या पावतीमागे हिशेब मांडला.
आमच्या घरी पैसा शेवंडांत मोजतात.
रेमीचे वाकडे दात, सहाशे पौंड शेवंड.
हिवाळी टायर, दीडशे.
माझं पित्ताशय सरकारने काढलं, ते फुकट.
कुत्र्याला सरकार नसतं.
‘बाराशे पौंड,’ तो म्हणाला.
मग पावती घडी करून घडी करून नखाएवढी केली.
‘इंजिनाचं काय?’ हे त्याने विचारलं नाही.
मीही नाही.
मधे गिअर होता, आणि ग्रिबूची लाळ वाळलेला टॉवेल.

सासऱ्यांना फोन लावला.
ओनेझिम म्हणाले, ‘बंदूक घेऊन येऊ का?’
रागाने नव्हे. येताना मीठ आणू का, विचारावं तसं.
त्यांनी आपल्या हाताने तीन कुत्री कोठाराच्या मागे नेलेली.
मी काही बोलले नाही. फोनमध्ये त्यांचं घड्याळ ऐकू येत होतं.
मग म्हणाले,
‘पहिलीचं नाव मी अजून तोंडाने घेत नाही. तुम्ही बघा काय ते.’

पावणेचारला मी आत गेले आणि म्हटलं, मधला.
तीन किटल्यांतली मधली उचलते ना मी दुकानात,
अगदी स्वस्त नको, दिसायला बरी, तशी.
सही करताना पेन चाललं नाही.
डॉक्टरने दुसरं दिलं.
कुणी विचारेल म्हणून मी कारण शोधत राहिले परतीच्या वाटेवर,
प्रेम म्हणू तर साडेपाच हजार कमी पडतात,
व्यवहार म्हणू तर सव्वीसशे साठ जास्त होतात.
मागच्या सीटवरून रेमीने विचारलं,
‘तो पाय कुठे टाकतील?’
मी म्हटलं, माहीत नाही.
अजूनही माहीत नाही.

गावात दोन मतं पडली,
दोन्ही आमच्या विरुद्ध.
चर्चच्या पायऱ्यांवर एक बाई म्हणाली, कुत्र्यापायी एवढे!
तिच्याच बहिणीने दुकानात ऐकवलं,
लेकराचा असता तर कापला असता का?
मी दूध घेतलं, अंडी विसरले.

मे लागला. बर्फ एका रात्रीत गेला.
इंजिन कसंबसं जोडलं, ते खोकतं पण चालतं.
ग्रिबू तीन पायांवर धक्क्यापर्यंत येतो,
वळताना अजून डावीकडे कलंडतो, उठतो,
इकडेतिकडे पाहतो, कोणी पाहिलं का म्हणून.
पोस्टवाली आता वळणावर थांबते, खूप वेळ थांबते,
आणि तो गाडीकडे ढुंकूनही बघत नाही.

रात्री मात्र, दिवा मालवल्यावर,
त्याच्या डाव्या कानामागे खाज सुटते.
मांडीचा उरलेला तुकडा हलू लागतो,
भराभर, अगदी मन लावून,
हवेत.
मी अंथरुणातून हात खाली सोडते
आणि तिथे खाजवते.
तो डोळे मिटतो. त्याला वाटतं, जमलं.