पिठाचा खोकला

बाबांचा खोकला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.
गिरणी घेतली त्या सालचा.
सकाळी सहाला शटर, मग खोकला,
मग पट्टा चढवताना एक शिवी,
गाव यावर चहा ठेवायचं.

आता शटर वर गेलं की
समोरच्या दोन खिडक्या लागतात.

ग्रामपंचायतीने चुन्याचे गोल आखून दिले
ओट्यापासून बोरीपर्यंत.
बाया गोलात डबा ठेवतात आणि मागे सरतात,
चावऱ्या कुत्र्यापुढे भाकर टाकून सरावं तशा.
डब्यांवर मी खडूने नावं लिहिते.
अमरावतीचं होस्टेल रिकामं झालं तेव्हापासून
बी.ए. दुसऱ्या वर्षाचा माझा लेखी अभ्यास एवढाच:
इंगळे, गहू, जाड.
मोहोड, ज्वारी.
ढोरे, बेसन, बारीक, घाई नाही.

"पिठाचा हाय," बाबा डब्यांना सांगतात, माणसं लांब असतात म्हणून.
"बावीस वर्षांचा हाय. डॉक्टरले इचारा."
कोणी विचारत नाही.
इंगळ्यांचा गहू आता शेजारच्या गावी जातो,
सायकलवर, अंधारात,
पोलिसांची गाडी फिरायच्या आत.

आशाताई बोटाला चिमटा लावते. पंच्याण्णव.
दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव.
त्या एका आकड्यासाठी आई दिवसभर बोलत नाही.
रात्री लाइन जाते, कूलर गुरगुरून थांबतो,
तेव्हा मी झाकली मूठ त्यांच्या नाकाशी नेते.
ओळखा.
"बेसन."
हे?
"गहू. राशनचा. भिजला होता थो."
हे?
"जवारी. पंचफुलाबाईची."
त्यांना वाटतं पोरगी घरात कंटाळली, खेळते.
एकदा ते थांबले.
मी मनात अंक मोजू लागले, सात झाले, आठ झाले.
"हळद," ते म्हणाले. "एवढी जुनी काऊन ठेवली?"
मी उठून तांब्याभर पाणी प्यायले.

पंचफुला खंडारे, ज्वारी, दहा किलो.
डबा दळून झाला त्याच दुपारी त्यांना दर्यापूरला नेलं.
दर्यापूरहून अमरावती,
अमरावतीहून परतवाड्याला लेकीकडे,
बातम्या एवढ्याच, आणि त्याही उशिरा.
डबा कोपऱ्यात.

उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत कडू होतं.
सोळाव्या दिवशी बाबांनी ते गाईपुढे रिकामं केलं,
आमच्या कोठीतली ज्वारी काढली,
काट्यावर दोनदा मोजली,
दळली, डब्यात भरली,
पुसट झालेलं नाव माझ्याकडून गिरवून घेतलं.
"काऊन जी?" आईने विचारलं.
ते पट्ट्याला राळ लावत बसले.

याच दिवसांत इंगळ्यांचे आजोबा गेले.
तेरवीचं दळण कुठेच गेलं नाही,
कारण तेरवीच झाली नाही.
आमच्याकडे त्या वर्षी सरगुंडेही झाले नाहीत,
काड्या माळ्यावरच राहिल्या.

तिसऱ्या खेपेला आईने काही विचारलं नाही.
ज्वारी तिनेच निवडून दिली.

मग एका सकाळी
लेकाच्या मोटरसायकलवरून पंचफुलाबाई उतरल्या, अर्ध्या होऊन,
आणि पहिल्या गोलात उभ्या राहिल्या.
मी डबा नेऊन ठेवला, मागे सरले.
त्यांनी झाकण काढलं, तोंडावरचा पदर खाली केला,
चिमूटभर पीठ नाकाशी धरलं.
बराच वेळ धरलं.
"हे माह्या जवारीचं पीठ नाही हाये, भाऊ."

बाबा हसले.
हसता हसता तो लागला, बावीस वर्षांचा, थांबेचना,
ओट्याचा खांब धरून ते वाकले.
समोरची खिडकी लागली.
पंचफुलाबाई गोलातून हलल्या नाहीत.
"होऊ द्या," त्या म्हणाल्या,
"तुमचं होऊ द्या सावकाश.
मंग दळणाचे किती झाले थे सांगा."