हरभऱ्याएवढं बटण

तिसऱ्या फेरीत विचारलं, कोडिंग?
म्हटलं, नाही. बी.ए., इतिहास.
काचेपलीकडे ऐरोलीची खाडी, ओहोटी लागलेली.

दोन वर्षं मी इथेच, खालच्या मजल्यावर,
हेडफोन लावून तक्रारी ऐकते.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातले घुलेशेठ
रोज सांगायचे, "ताई, पावती जात नाय."
डेव्हलपर म्हणायचा, बग नाही.
सहा आठवडे.

शेवटी एका शनिवारी गेले गाळ्यावर.
पहाटेचे पाच. गोण्यांच्या थप्पीआड शेठ
मातीनं भरलेलं बोट लेंग्याला पुसत
पुन्हा पुन्हा दाबत होते
हरभऱ्याएवढं बटण.
बग नव्हताच.

"मग ते मोठं करून घेतलं," म्हटलं.
"आकडे?"
"घुलेशेठांचा फोन येत नाही आता."
कुणी हसलं. कुणी लिहून घेतलं.
कळवतो म्हणाले.

लिफ्टमध्ये फोन थरथरला.
"ताई, बटण झ्याक झालंय हो,
पण आता एकीच्या जागी दोन-दोन पावत्या जातायत."

लिफ्ट तळाला लागली, दार उघडलं, मिटलं.
मी आतच.
"शेठ, नीट सांगा,
कुठल्या बोटानं दाबता?"