वीस फूट

बातमी मी वाचून दाखवली.
बाबांना आता बारीक अक्षर लागत नाही.
उत्तरेकडच्या कुठल्याशा समुद्रावर
दोन बड्या देशांची लढाऊ विमानं
एकमेकांपासून वीस फुटांवरून गेली.
एकाने निषेध नोंदवला.
दुसऱ्याने निषेधाचा निषेध नोंदवला.
खाली कांद्याचे भाव.

बाबा म्हणाले, "पंखाच्या टोकापासून, की मधोमध?"
ते छापलं नव्हतं.
"मग काय वाचलंस?"

ओझरच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर,
मुरलीधर मोगल,
आयुष्य गेलं फटी मोजण्यात.
फीलर गेजची पाती पत्त्यांसारखी पिसायचे:
हे बघ, केसाएवढं अंतर.
याहून कमी झालं की घासतं,
जास्त झालं की थरथरतं.
आमच्या घरातलं एकही दार
कधी कुरकुरलं नाही.

गेनादी नावाचा तिकडचा एक तंत्रज्ञ
दोन हिवाळे टाउनशिपमध्ये होता.
निफाडच्या गारठ्यात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून
आम्हां सगळ्यांच्या माकडटोप्यांना हसायचा,
आणि द्राक्षं बियांसकट चावायचा.
त्याने बाबांना एक शब्द दिला होता,
अस्तारोझ्ना.
जपून.
मी सायकल काढली की बाबा
तो माझ्या पाठीवर फेकायचे,
गल्लीतल्या पोरांना वाटे, शिवी आहे.

पेपरच्या कडेला त्यांनी गणित मांडलं.
ताशी आठशे किलोमीटर धरू.
वीस फूट म्हणजे सेकंदाचा छत्तिसावा भाग.
छत्तीस.
पेन तिथेच थांबलं.
"यातले तीन आणि सहा
निदान एकमेकांकडे पाठ करून बसतात.
या दोघांना तर तोंडं दिसली असतील.
दाढी केलेली आहे का, हेसुद्धा."

मग टेप काढली.
आमच्या फाटकापासून वीस फूट
रस्ता ओलांडून
बरोब्बर शिरसाटांच्या फाटकाला लागले.
शिरसाट देवळालीच्या तोफखान्यातले हवालदार,
एक कान तिथेच ठेवून निवृत्त झालेले.
टेपचं टोक धरून ओरडले,
"वीस फूट? मोगल, आमच्याकडे
वीस फूट म्हणजे शून्य!"

दोघे उभे राहिले तसेच.
मधे पिवळी पोलादी पट्टी
वाऱ्याने थोडी गुणगुणत होती.
टेपचा खटका मोडलेला, हे दोघांनाही ठाऊक:
शिरसाटांनी सोडलं तर बाबांची बोटं कापणार,
बाबांनी सोडलं तर डबी उडून
शिरसाटांच्या तोंडावर.
मी जिन्यात उभी राहून बघत होते.
हसू येत होतं, आणि येत नव्हतं.

तेवढ्यात द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो आला.
हॉर्न.
"काका, सोडा की!"
कोणी सोडेना.
"काका, माल नरम पडतोय!"
शेवटी शिरसाटच निघाले,
टोक चिमटीत धरून,
एकेक पाऊल,
आणि बाबा पट्टी आत घेत गेले,
गुंडाळताना ती जशी खरखरते तशी खरखरत,
पंधरा, अकरा, सात,
शेवटची दोन बोटं तर
बाबांनी श्वास रोखून घेतली.

चहा मी टाकला.
शिरसाटांनी बशीत ओतला,
बाबांनी तो थंड होऊ दिला.

दुपारी ओझरच्या बाजूने
चाचणीचं एक विमान गेलं.
काचा हलल्या.
शिरसाटांनी चांगला कान वर केला,
बाबांनी मान वाकडी करून आवाज ऐकला
आणि म्हणाले,
"यात एकच माणूस असतो गं कधीकधी.
त्या समुद्रावर
त्याने दुसऱ्याला हात केला असेल का?"

तेही छापलं नव्हतं.
मी पुन्हा पेपर उघडून पाहिला.